वेदगंगेचा मध आणि वाइन करणाऱ्या बायका

भुदरगड तालुक्यात बसून वाइनवर काही लिहायचं म्हटलं की आधी आडव्या बाटलीला सामोरं जावं लागतं. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं अशी बायकांची मागणी असेल तर आपल्या राज्यात त्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. अट अशी की झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. त्या दिवशी जी ऊस तोडायला बाहेरगावी आहे, जी बाळंतपणाला माहेरी गेली आहे, जिचं नाव यादीत आहे पण संसार मुंबईत आहे, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला जातात. इतक्या जड अटीवरही महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी बाटली आडवी केली आहे. वाइन करणाऱ्या बाईची ओळख करून देणारं हे पुस्तक इथल्या गारगोटीच्या एसटी स्टँडवर कुणी हातात घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली, तर ती आठी खोटी नाही. ती पडू द्यावी आणि तिच्यासकट पुढे वाचावं, एवढंच सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

एक गोष्ट आधीच स्वच्छ करून टाकतो. वाइन ही दारूच आहे. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवाद जाणत्या लोकांनीही केला होता. कीर्तनकार बंडातात्या कराडकर साताऱ्यात रस्त्यावर उतरले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय कागदावरच राहिला. द्राक्षबागायतदाराच्या हिताचा मुद्दा खरा होता. त्यासाठी रसायनशास्त्र वाकवायची गरज नव्हती. ज्या द्रवात शंभरातले बारा भाग अल्कोहोल आहे त्याला सरबत म्हणता येत नाही. कायदाही म्हणत नाही: महाराष्ट्रात वाइन तयार करायचा परवाना घ्यायचा तो 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि ती प्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. हे मान्य करूनच वाइन करणाऱ्या बाईच्या कामाकडे बघायला हवं. दारूला सोवळं नेसवून तिचं काम मोठं होत नाही.

मग गारगोटीचा आणि वाइनचा संबंध काय? द्राक्ष आपल्याकडे नाही. द्राक्षाला कोरडी हवा लागते, आणि आपला पाऊस जूनमध्ये येतो तो गणपतीपर्यंत उसंत देत नाही. द्राक्ष नाशिकची, तासगावची, नारायणगावची. आपल्याकडे ऊस, भात, वरच्या अंगाला काजू आणि जंगल. अल्कोहोल म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला आठवते ती साखर कारखान्याची मळी आणि डिस्टिलरी. पण गारगोटीहून वेदगंगेच्या काठाने वर तीसेक किलोमीटर गेलं की पाटगाव लागतं. मौनी महाराजांचं पाटगाव. ज्यांच्या नावाने जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं, त्या मौनी महाराजांचा मठ तिथे आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाने महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, आणि त्याच्या मागोमाग पाटगाव मधाचं गाव झालं. पेट्या आधीपासून होत्या, माशा तर माणसाच्या आधीपासून होत्या. नवी गोष्ट घडली ती अशी की घराच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या पेटीकडे सरकारी नजरेने उद्योग म्हणून पाहायला सुरुवात केली.

त्या पेटीतली माशी सातेरी. शास्त्रज्ञ तिला एपिस सेराना इंडिका म्हणतात. आग्या माशीसारखी ती उंच झाडाला उघडं पोळं बांधत नाही. ढोलीत, कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी पोळी लावते, म्हणून ती पेटीत राहायला तयार होते. परदेशी मेलिफेरा माशीच्या तुलनेत तिचा मध पुष्कळ कमी निघतो. पण सह्याद्रीचा पाऊस आणि इथली जंगली फुलं यांची तिला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. जांभूळ फुललं की जांभळीचा मध, हिरडा फुलला की हिरड्याचा. पाटगावच्या मधपाळाला चमचाभर मध चाखून झाड सांगता येतं.

या माशीच्या शास्त्रीय नावातला ‘सेराना’ नाशिकच्या एका बाटलीवर आहे. सेराना मीड्स ही मधापासून वाइन करणारी कंपनी डॉ. योगिनी बुधकर आणि डॉ. अश्विनी देवरे या दोघींनी या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. बायकांनी उभी केलेली देशातली पहिली मीडरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मधाच्या वाइनला जगभर मीड म्हणतात, आणि ती जिथे होते ती मीडरी. दोघींची पीएचडी माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतली, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीतली. 1933 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने महाराष्ट्राला रंग, औषधं, तेलं, प्लास्टिक यांचे कारखानदार पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. त्या परंपरेत या दोघी बसतात, फक्त त्यांच्या टाकीत मध आहे.

‘देशातली पहिली’ या बिरुदाशी मी फार वेळ थांबणार नाही. पहिलेपणाची बातमी होते, आणि बातमी झाली की काम झाकलं जातं. त्याहून जास्त त्रास मला दुसऱ्या एका कौतुकाचा होतो. बाईने वाइन केली म्हटल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, बायकांच्या हाताला आंबवण्याची उपजत जाणच असते. विरजण कोण लावतं, आंबील कोण करतं? ऐकायला गोड आहे. पण ज्या बाईने कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत घालवून जैवप्रक्रियांमध्ये डॉक्टरेट मिळवली, तिच्या शिक्षणाचं श्रेय असं परस्पर तिच्या बाईपणाला देऊन टाकणं हा अन्यायच आहे. डिस्टिलरीतल्या पुरुष केमिस्टला कुणी म्हणत नाही की तुमच्या हाताला मळीची उपजत जाण आहे.

ते काम नेमकं काय आहे, हे थोडं खोलात जाऊन बघू. मधात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी जवळजवळ सगळी साखर. इतक्या दाट साखरेत यीस्ट वाढू शकत नाही. साखर त्याच्या पेशीतलं पाणी ओढून घेते. चांगला मध वर्षानुवर्षं टिकतो त्याचं मोठं कारण हेच. म्हणून वाइन करायची तर आधी मधात पाणी घालायचं. किती घालायचं हे हिशेबाचं काम आहे. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. बारा टक्क्यांची वाइन हवी असेल तर लिटरला 200 ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास मध. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम मध गेला. हा आकडा लक्षात ठेवावा. पाटगावच्या अर्थकारणाकडे जाताना तो पुन्हा लागेल.

पाणी घालून यीस्ट सोडलं की झालं, असं वाटतं. द्राक्षाच्या रसात बऱ्याच अंशी तसंच होतं, कारण द्राक्ष स्वतःबरोबर सगळा शिधा घेऊन येतं: साखर, आंबटपणा, सालीतला तुरटपणा आणि यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन. मधात साखर सोडून बाकी सगळ्याची टंचाई. नायट्रोजन तर नावाला. उपाशी यीस्ट मग रेंगाळतं, मध्येच थांबतं, आणि चिडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतं. शिवाय मधाच्या पाण्यात आम्लता तोलून धरणारे क्षार कमी, त्यामुळे किण्वन सुरू झालं की ती झपाट्याने वाढते आणि यीस्टचं जगणं आणखी कठीण होतं. म्हणून त्याला पोषण द्यायचं, तेही एकदम नाही. पहिल्या काही दिवसांत टप्प्याटप्प्याने, घनता मोजत मोजत. तापमान वाढलं तर फुलाचा वास उडून जातो, फार उतरलं तर यीस्ट झोपतं. पूर्वी मधाचं पाणी उकळून घ्यायची पद्धत होती. आजचे बरेच मीडकार उकळत नाहीत, कारण ज्या वासासाठी जंगलातला मध आणला तोच वाफेबरोबर निघून जातो. मग टाकीची आणि नळ्यांची स्वच्छता इतकी काटेकोर ठेवावी लागते की कामाचा मोठा भाग धुण्यातच जातो. किण्वन संपल्यावर तळाचा गाळ मागे ठेवून वरचा द्रव दुसऱ्या टाकीत घ्यायचा, निवळू द्यायचा, पुन्हा घ्यायचा. या सगळ्यात पिणं कुठेच नाही. चाखणं आहे, तेही बहुधा थुंकून टाकण्यासाठी.

सेरानाच्या बाटल्यांची यादी पाहिली की या दोघींनी मधाची टंचाई कशी भरून काढली ते कळतं. जांभूळ घातलेली एक मीड आहे, डाळिंबाची एक आहे, आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाबरोबर केलेली एक. जांभळातून रंग आणि तुरटपणा येतो, डाळिंबातून आंबटपणा, द्राक्षातून दोन्ही थोडेथोडे आणि यीस्टचा शिधाही. चवीची हौस त्यात असेलच, पण मला त्यात आधी रसायनाची सोय दिसते. आणि नाशिक का, याचंही उत्तर तिथेच आहे. राज्याचं 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणि विंचूरचं वाइन पार्क यांमुळे गेल्या पंचवीस वर्षांत तिथे टाक्या बनवणारे, बाटल्या पुरवणारे, परवान्याचे कागद कळणारे असे लोक तयार झाले आहेत. हे सगळं गारगोटीत उभं करायचं तर प्रत्येक बुचासाठी कोल्हापूरच्याही पलीकडे जावं लागेल.

परवान्याची वाट या दोघींच्या आधी पुण्याच्या मूनशाइन मीडरीच्या रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी पाडली. देशातली ती पहिली मीडरी. मधाची दारू उत्पादन शुल्काच्या कोणत्या रकान्यात बसवायची, हा प्रश्न खात्यापुढे तेव्हा पहिल्यांदाच आला. नियम द्राक्षाकडे पाहून लिहिलेले होते. फळांच्या वाइनवाल्यांनाही हाच अनुभव. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला प्रियांका सावे यांनी चिकूची वाइन केली, तेव्हा त्या फळासाठी सगळं नव्याने मांडावं लागलं. इकडे आजरा-चंदगडात काजूची बी घेऊन बोंडं झाडाखाली टाकून द्यायची रीत आहे. 2022 मध्ये सरकारने काजूबोंडं आणि मोहफुलांपासून मद्य करण्याचं धोरण आणलं, पण ते ऊर्ध्वपातन करून काढायच्या मद्याचं. वाइनची गोष्ट वेगळी. आपल्या भागातून बोंडाची चांगली वाइन करणारं कुणी पुढे आलं तर मला द्राक्षापेक्षा त्याचं अप्रूप वाटेल.

जगाकडे पाहिलं तर या धंद्यातल्या बायकांची पहिली मोठी गोष्ट एका तरुण विधवेची आहे. फ्रान्समधल्या रँसची बार्ब-निकोल क्लिको. 1805 मध्ये नवरा वारला तेव्हा तिचं वय 27. नेपोलियनच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला करता येई. म्हणजे नवरा जाणं हीच तिच्या कारकिर्दीची कायदेशीर अट ठरली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबणाऱ्या शॅम्पेनमध्ये मेलेल्या यीस्टचा गाळ राहून ती गढूळ दिसे. क्लिकोबाईंच्या तळघरात 1816 च्या सुमाराला भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या तिरक्या खोचून, रोज थोड्या फिरवून गाळ बुचापाशी आणायची युक्ती निघाली. पुढे सगळ्या शॅम्पेन प्रांताने ती उचलली. विधवेचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने केला तो मे 2022 मध्ये. दोन्ही तारखा एका पानावर आल्या की मला जरा गप्प बसायला होतं; पण तुलना इथेच सोडतो, कारण क्लिकोबाईंच्या मागे सासरची पेढी आणि माहेरचा कापडाचा कारखाना होता, आणि हेरवाडच्या बायकांच्या मागे फक्त ग्रामसभा.

कारकीर्द या शब्दाला खऱ्या अर्थाने शोभेल अशी वाट मात्र कॅलिफोर्नियात तयार झाली, आणि ती वारशातून नव्हे, विद्यापीठातून. मेरी अ‍ॅन ग्राफ 1965 मध्ये डेव्हिसच्या विद्यापीठातून वाइनशास्त्राची पदवी घेणारी पहिली बाई ठरली, आणि 1973 मध्ये सिमी वायनरीची वाइनमेकर झाली. तिच्यानंतर त्या जागी झेल्मा लाँग आली, जिने 1970 मध्ये रॉबर्ट मोंडावीकडे हंगामी कामापासून सुरुवात केली होती. घरची बाग नाही, नवऱ्याची पेढी नाही. पदवी आहे आणि नोकरी आहे. आपल्याकडे ग्रोव्हर कुटुंबातल्या करिश्मा ग्रोव्हर डेव्हिसलाच शिकून आल्या, पण त्यांच्या घरी वायनरी होती. बुधकर आणि देवरे यांच्या हाती होतं ते शिक्षण. गारगोटीतल्या मुलीला त्यांची गोष्ट जवळची वाटावी ती यासाठी.

कारण शिक्षणाची पायरी गारगोटीत आहे. कर्मवीर हिरे महाविद्यालयात विज्ञान शाखेला मुली आहेत, मायक्रोस्कोप आहे, टायट्रेशनच्या नळ्या आहेत. पुढे पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन आणि अल्कोहोल तंत्रज्ञान शिकायची सोय आहे. अडतं ते घरी सांगताना. मुलगी फार्मा कंपनीत लागली हे पै-पाहुण्यांत सांगता येतं, दूध संघात लागली हे तर अभिमानाने. वायनरीत लागली म्हटल्यावर लग्नाच्या बैठकीत काय सांगायचं? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत दिल्लीत मद्य दिलं जातं अशा ठिकाणी बाईला नोकरीवर ठेवायला कायद्यानेच बंदी होती. दिल्लीला लागू असलेल्या पंजाब अबकारी कायद्यातलं ते कलम दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं, आणि 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात तो निर्णय कायम ठेवला. बाईच्या रक्षणासाठी तिची नोकरी काढून घेणं हे रक्षण नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याचं कलम एका निकालाने जातं. बैठकीतला पाहुणा निकाल वाचून येत नाही.

आणि आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईचं काय? ती या मुलीच्या विरुद्ध आहे असं मला वाटत नाही, पण दोघींना एकाच बाजूला उभं करून फोटो काढायचीही मला घाई नाही. गावातल्या बाईचं भांडण रोजच्या मजुरीतून जाणाऱ्या पैशाशी आणि रात्रीच्या मारहाणीशी आहे. महागड्या वाइनची बाटली त्या भांडणात सहसा नसते. तरीही दुकान हे दुकानच, आणि आज मधाची वाइन ठेवणारा उद्या काय ठेवेल याची तिला धास्ती असली तर ती अनुभवातून आलेली आहे. वाइन करणाऱ्या बाईने या धास्तीवर फुकट प्रवचन देऊ नये. या पुस्तकातही ते नाही.

राहता राहिला पाटगावचा हिशेब. बाटलीत दोनशे ग्रॅम मध जातो हे वर आलंच आहे. सातेरीचा जंगली मध आज शहरात ज्या भावाने जातो, तो भाव मधपाळाला मिळत असेल तर त्याने तो वाइनसाठी का द्यावा? माझं स्पष्ट मत असं की पहिल्या प्रतीचा जांभळीचा मध बरणीतूनच विकला जावा. त्याचा वास टाकीत घालवण्यात शहाणपण नाही. पण सातेरीच्या मधाची एक जुनी अडचण आहे. घाटातली हवा दमट, त्यामुळे मधात पाण्याचा अंश जास्त राहतो. अन्नसुरक्षेच्या मानकात तो 20 टक्क्यांपर्यंतच चालतो. पोळ्याला मेणाची झाकणं नीट बसायच्या आत, पावसाच्या धास्तीने घाईने काढलेला मध ही मर्यादा ओलांडतो, बरणीत फसफसतो, आणि व्यापारी तो नाकारतो किंवा पडेल भावात उचलतो. वाइनवालीला मात्र मधात पाणी घालायचंच असतं. तिच्या दृष्टीने दोन-तीन टक्के जास्तीचं पाणी हा दोष नाही; मध फसफसायच्या आत तिच्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढीच तिची अट. तेव्हा पाटगावने नाशिकशी किंवा आणखी कुणाशी बोलणी करायची असतील तर ती या दुसऱ्या प्रतीच्या मधापासून सुरू करावीत. पेटीतला मध काढल्यादिवशी रिफ्रॅक्टोमीटरने पाण्याचा अंश मोजावा, बरणीचा आणि टाकीचा मध तिथेच वेगळा करावा, आणि दोन्हींचे भाव वेगळे लिहून घ्यावेत. ते उपकरण हातात मावतं, वापरायला अवघड नाही, आणि हिरे महाविद्यालयातली विज्ञानाची कोणतीही विद्यार्थिनी ते एका दुपारी शिकवू शकेल.